नव्वद नंबर सगळीकडं चालत नाही

पावसाळा उतरला की गगनबावडा, आंबा घाट, राधानगरीच्या लाल चिखलातून फिरून आलेल्या गाड्या रॅम्पवर चढतात आणि मालकांना मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीची, आठवण होते. म्हणून या अंकासाठी निवडलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत: लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं एलएसडी, आणि त्यात घालायचं तेल. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडं जुनी फोर बाय फोर एसयूव्ही आहे, मागच्या अ‍ॅक्सलला एलएसडी आहे असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. गेल्या सर्व्हिसिंगला ड्रममधलं नव्वद नंबर (९० ग्रेडचं साधं गिअर ऑईल) भरलं. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये वळवताना किंवा यू-टर्न घेताना मागून 'कट-कट-कट' आवाज येतो, सीटखाली हादरे बसतात. सरळ रस्त्याला काहीच नाही. मिस्त्री म्हणतात, क्राऊन-पिनियन उघडावं लागेल. उघडू का?
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : आत्ताच उघडू नका. तेल बदललं तेव्हापासून आवाज, तोही सावकाश आणि कडक वळणावरच. ही लक्षणं क्राऊन-पिनियनची, म्हणजे इंजिनकडून आलेली ताकद चाकांकडं वळवणाऱ्या दातेरी जोडीची, नाहीत. क्राऊन-पिनियन बिघडलं तर गाडी सरळ रस्त्यावर, वेगात घोंगावते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की त्या आवाजाचा सूर बदलतो. तुमच्या गाडीत एलएसडीच्या प्लेटा ओरडत असण्याची शक्यता जास्त.

प्लेटवाल्या एलएसडीत साइड गिअरच्या मागं पातळ प्लेटांची चळत असते. एकीचे कान डिफरन्शियलच्या केसमध्ये अडकलेले, तिच्या शेजारणीचे दाते साइड गिअरवर बसलेले, अशा एकाआड एक. एक चाक चिखलात फिरू लागलं की या प्लेटा एकमेकींना धरतात आणि दुसऱ्या चाकाला ताकद पोचवतात. पण वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं, त्यामुळं तिथं प्लेटांना घसरावंच लागतं. साध्या तेलात थांबलेली प्लेट हलवायला जितका जोर लागतो, त्याहून कमी जोरात ती पुढं घसरत राहते. म्हणून प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते. तुम्हाला ऐकू येणारा 'कट-कट' तो हाच. एलएसडीच्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं रसायन असतं. ते प्लेटांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि सुरुवातीची ही पकड सैल करतं, म्हणजे प्लेट झटका न देता घसरू लागते. ड्रममधल्या नव्वद नंबरमध्ये ते नव्हतं, एवढीच गोष्ट असावी.

मात्र तेल आणण्याआधी एक शंका फेडून घ्या. गाडी चुकून फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) राहिली नाही ना? पार्ट-टाइम फोर बाय फोर गाडी कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळवली तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि थेट असेच हादरे बसतात. लिव्हर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) टाकून, थोडं मागं-पुढं करून पुन्हा वळवून बघा. आवाज तेव्हाही येत असेल तरच तेलाकडं वळा.

डब्यावर दोन गोष्टी हव्यात: एपीआय जीएल-५ (गिअर ऑईलच्या दर्जाचा शिक्का), आणि सोबत 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप'. मोतुलचं गिअर ३०० एलएस किंवा लिक्वी मोलीचं जीएल-५ एलएस ही या जातीची तेलं. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तरी हरकत नाही. हे शब्द आणि मॅन्युअलमधला ग्रेड जुळला पाहिजे. लागेल किती, हे हौसिंगवर, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीवर, अवलंबून. अशा गाड्यांना साधारण दीड ते तीन लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

बदलताना गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळ घेऊन उतरेल. गाडी सपाट जागी घ्या. वरचा फिलर प्लग आधी सोडवा, खालचा ड्रेन नंतर. उलट केलं आणि फिलर प्लग गंजून बसलेला निघाला, तर तेल काढलेली गाडी जागच्या जागी अडकते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय जमलंय ते बोटाने चाचपा. लोण्यासारखी मऊ करडी पेस्ट म्हणजे रोजची झीज, प्लेटांमुळं एलएसडीत ती जराशी जास्तच असते. बोटाला टोचणारी किरचं किंवा दाताचा तुकडा निघाला तर मात्र मिस्त्रींचं ऐका. प्लगला वॉशर नवीन घाला. फिलरच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की पातळी आली, मॅन्युअलमध्ये वेगळी पातळी दिली असेल तर ती पाळा. जास्त कोंबून भरलं तर ते अ‍ॅक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरतं.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. तेल काढलं तरी प्लेटांच्या फटीत जुनं तेल राहतंच. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दहा-बारा फेरे मारा. थोडं अंतर सरळ चालवा, पुन्हा फेरे मारा. प्लेटा घसरतील तसं नवं तेल आत शिरेल. पहिल्या दिवशी आवाज कमी झाला, पण गेला नाही, तर शे-दोनशे किलोमीटर वाट बघा.

तरीही राहिला, तर फ्रिक्शन मॉडिफायर वेगळा मिळतो. बाटली बहुधा ४ औंसाची, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटरची. आधी निम्मी घाला, पुन्हा आठचे फेरे मारा, गरज पडली तरच उरलेली. एलएस तेलात तो आधीच असतो हे विसरू नका. भरमसाट घातला तर प्लेटा धरणारच नाहीत. गाडी शांत होईल आणि चिखलात एक चाक जागच्या जागी फिरत बसेल. एवढं सगळं करून आवाज तसाच राहिला, तर प्लेटा जळून गुळगुळीत झालेल्या असू शकतात. मग डिफरन्शियल उघडून प्लेटांची जाडी मोजावी लागेल आणि सेट बदलावा लागेल. जळलेल्या प्लेटा पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली. आधीचे मालक म्हणाले, एलएसडी आहे. मॅन्युअल नाही. खरंच आहे का ते कसं कळणार?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी फिलर प्लगच्या आसपास किंवा कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी आहे का बघा. बऱ्याच गाड्यांवर 'फक्त एलएसडी तेल वापरा' अशा अर्थाची सूचना असते. वायर ब्रशने चिखल काढल्याशिवाय ती दिसत नाही.

नसेल तर इंजिन बंद, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर प्लेटवालं एलएसडी आहे आणि प्लेटांत जीव आहे. उलट दिशेने फिरलं तर तीन शक्यता: साधं ओपन डिफरन्शियल, प्लेटा संपलेलं एलएसडी, किंवा हेलिकल (तिरक्या दातांच्या) गिअरवालं नाहीतर एमएलडीसारखं (मेकॅनिकल लॉकिंगचं, त्याबद्दल पुढं), जे हाताच्या सावकाश फिरवण्याला दाद देत नाही. म्हणजे 'त्याच दिशेने' हे उत्तर पक्कं, 'उलट दिशेने' हे अर्धवट. मग चॅसी नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर अ‍ॅक्सलचा तपशील विचारणं हाच सरळ मार्ग.

एक गोष्ट जिवाची आहे. एलएसडी असलेल्या किंवा असण्याची शंका असलेल्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकालाही ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. चाकाचं बॅलन्सिंग किंवा ब्रेक तपासताना हा प्रकार होऊ शकतो.

प्रश्न : दुकानात गेलो तर ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४०, जीएल-४, जीएल-५, सिंथेटिक, मिनरल असे दहा डबे समोर. दुकानदार म्हणतो, महागातलं घ्या, चांगलंच असणार. नेमकं काय बघायचं?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : डबा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी आपल्या हौसिंगमध्ये काय आहे ते, मग मॅन्युअलमधलं तेलाचं पान, मग डबा.

मागच्या अ‍ॅक्सलच्या क्राऊन-पिनियनमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या हायपॉइड रचनेत दाते एकमेकांवर लोळतात तसेच लांबीच्या दिशेने घासतही जातात आणि तो दाब साध्या तेलाचा थर फोडतो. म्हणून तिथं जीएल-५. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात; दाते तापले की ती धातूशी संयोग पावून संरक्षक थर तयार करतात. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास त्याच गंधकाचा. हायपॉइडमध्ये जीएल-४ घातलं तर दात खरवडले जातात. उलट, गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असताना जीएल-५ ओतलं तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होतो आणि गिअर कर्रकर्र करत पडतात. गॅरेजच्या एकाच ड्रममधून गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी), डिफरन्शियल सगळं भरून घेण्याची पद्धत सोयीची असली तरी म्हणूनच चुकीची.

जीएल-५ या शिक्क्यात एलएसडीच्या प्लेटांची चाचणी धरलेली नाही. त्यामुळं जीएल-५ लिहिलंय म्हणजे एलएसडीला चालेल, हा हिशेब बरोबर नाही. 'एलएस' वेगळं लिहिलेलं पाहिजे. एकाच कंपनीच्या एकाच ग्रेडमध्येही फरक असतो. रेड लाइनचं साधं ७५डब्ल्यू-९० फ्रिक्शन मॉडिफायरसह येतं, तर त्यांच्याच ७५डब्ल्यू-९० एनएसमध्ये तो मुद्दाम घातलेला नाही.

आता आकडे. गिअर ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे, इंजिन ऑईलशी तिची तुलना करू नका. ९० ग्रेडचं गिअर ऑईल १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं, म्हणजे दाटपणाला इंजिनच्या ४० आणि ५० ग्रेडच्या जवळपास. १४० ग्रेड २४ ते ३२.५ सेंटिस्टोक, हे मात्र खरंच दाट. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला: ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. कोल्हापुरात पारा शून्याजवळही जात नाही. तेव्हा निव्वळ थंडीसाठी ७५डब्ल्यूचे जादा पैसे मोजायचं इथं कारण नाही. गाडी घेऊन लडाखला निघाला असाल तर गोष्ट वेगळी.

सिंथेटिकचा फायदा इथं होतो तो उन्हाळ्यात ट्रेलर ओढत घाट चढताना. तापलेलं तेल लवकर काळं पडत नाही, दाटपणा टिकतो. पण आमचं मत विचाराल तर, मॅन्युअल दोन्ही चालेल म्हणत असेल आणि गाडी शहर-घाट अशी साधी चालत असेल, तर ८०डब्ल्यू-९० मिनरल एलएस वेळेवर बदललेलं बरं. भारीतलं सिंथेटिक भरून पाच वर्षं विसरून जाण्यात काही शहाणपण नाही. फ्रिक्शन मॉडिफायरही वापराने संपत जातो. मॅन्युअलमध्ये मुळातच ७५डब्ल्यू-१४० सांगितलं असेल, तर मात्र ९० वर उतरू नका, कंपनीने तो दाटपणा तापमान आणि वजन धरून ठरवलेला असतो.

प्रश्न : माझ्या थारला मागं एमएलडी आहे. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात एलएसडी अ‍ॅडिटिव्ह घाला म्हणतात, चिखलात पकड वाढेल म्हणे. चिखलात चाक फिरलं की मागून 'धप्प' आवाज येतो तोही जाईल असं सांगतात.
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : घालू नका. एमएलडी, म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, एलएसडीच्या नात्यातलं असलं तरी त्याचं काम निराळं. बोलेरो निओतलं मल्टी टेरेन टेक्नॉलॉजी हेही याच प्रकारचं. ईटनच्या या रचनेत आत एक छोटा गव्हर्नर असतो. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांवर गेला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो, कॅम प्लेट फिरते आणि प्लेटा दाबून दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. तुमचा 'धप्प' आवाज हा तो खटका. तो चाक फिरू लागल्यावर, सावकाश वेगात, एकदाच येत असेल तर यंत्रणा नीट चालू आहे. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर ती अडकू नये अशीच रचना असते.

यात प्लेटा आहेत, पण वळणावर त्या सतत दाबाखाली घासत नसतात, त्यामुळं एलएसडीसारखा कट-कट सहसा होत नाही. आणि जिथं घट्ट धरायचं आहे तिथंच फ्रिक्शन मॉडिफायर त्यांना निसरडं करतो. पकड वाढायच्या ऐवजी लॉकिंग उशिरा किंवा अर्धवट होईल. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल तेवढं भरा, वर काही नको.

दुकानदाराने 'थारला हेच लागतं' असं सरसकट सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. थारमध्ये मॉडेल आणि व्हेरियंटप्रमाणं कुठं एमएलडी, कुठं ब्रेकवर चालणारं लॉकिंग, आणि रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये इलेक्ट्रॉनिक लॉकर. ब्रेकवर चालणाऱ्यात तर डिफरन्शियल साधंच असतं. एबीएसचं युनिट फिरत्या चाकाला ब्रेक लावतं, तेलाचा त्यात काही हात नाही. आवाज कोरड्या रस्त्यावर, प्रत्येक वळणाला, सारखा येत असेल तर मात्र पहिल्या उत्तरातली फोर-हायची तपासणी करा आणि मग सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न : स्कोडा यती फोर बाय फोर. मागच्या डिफरन्शियलमध्ये एलएस तेल चालेल का?
— एक वाचक, कदमवाडी

उत्तर : तिथं दोन वेगळी तेलं आहेत. पुढून आलेला शाफ्ट आधी हाल्डेक्स कपलिंगमध्ये (गरजेप्रमाणं मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) जातो, त्याचं स्वतःचं पातळ तेल. त्याच्या मागं क्राऊन-पिनियन, त्याला गिअर ऑईल. दोन्हींचे प्लग जवळजवळ असतात आणि अदलाबदल झाली तर कपलिंग जातं. एलएस यातल्या कुठल्याच खान्याला लागत नाही. जुन्या होंडा सीआर-व्हीवाल्यांनीही लक्षात ठेवावं: तिच्या मागच्या युनिटला होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड लागतं, गिअर ऑईल नाही.

प्रश्न : ऑटोक्रॉससाठी एस्टीम तयार करतोय. गिअरबॉक्समध्ये दीड-वे (अ‍ॅक्सिलरेटर दाबताना पूर्ण, सोडताना थोडं धरणारं) प्लेट एलएसडी बसवायचं ठरलंय. गिअरबॉक्सला जीएल-४ आणि एलएसडीला जीएल-५ एलएस म्हणतात, दोन्ही एकाच तेलात कसं बसवायचं? शिवाय गाडी रोज कामालाही वापरतो.
— एक वाचक, उचगाव

उत्तर : तुमचा पेच खरा आहे. पुढच्या चाकांच्या, आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअर, सिंक्रो आणि डिफरन्शियल एकाच तेलात डुंबतात. मात्र अशा गिअरबॉक्सचा फायनल ड्राइव्ह हेलिकल असतो, हायपॉइड नव्हे. म्हणजे दातांसाठी जीएल-५ ची गरजच नाही; ती मागणी फक्त एलएसडीच्या प्लेटांची. त्यातून भांडण सुरू होतं: सिंक्रो रिंगला शंकूवर धरायला घर्षण हवं, प्लेटांना सुरुवातीचं घर्षण कमी हवं. एकाला सुखी केलं की दुसरा कुरकुरतो.

म्हणून प्लेट एलएसडी घेणार असाल तर तेल एलएसडी बनवणाऱ्या कंपनीनेच ट्रान्सअ‍ॅक्सलसाठी सांगितलेलं भरा, स्वतः मिश्रण करू नका. नव्या प्लेटा बसवल्यावर आठचे फेरे मारून बसवून घ्या आणि पहिलं तेल लवकर काढा. त्यात प्लेटांची पहिली झीज उतरते आणि ती सिंक्रो व बेअरिंगमध्ये फिरायला नको. नंतरही तेल रस्त्यावरच्या गाडीपेक्षा बरंच आधी बदलावं लागेल. घट्ट बसवलेलं दीड-वे वळताना थोडं खडखडणारच. तो आवाज पूर्ण घालवायला अ‍ॅडिटिव्ह ओतत गेलात तर ज्यासाठी पैसे घातले ते लॉकिंगच हातचं जाईल.

रोज कामाला वापरायची गाडी आहे, तर आमचा कल हेलिकल प्रकाराकडं, क्वाइफसारख्या. त्यात प्लेटा नसतात. गिअरच्या दात्यांच्या रेट्याने गिअरची टोकं केसवर दाबली जातात आणि त्या घर्षणातून ताकद वाटली जाते. त्याला गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल पुरतं. फ्रिक्शन मॉडिफायर घातला तर उलट तेच घर्षण कमी होतं. त्याचा कच्चा दुवा एकच: वळणावर आतलं चाक पूर्ण हवेत उचललं गेलं तर दुसऱ्याला देण्यासारखं त्याच्याकडं फारसं काही उरत नाही. सस्पेन्शन त्या हिशेबाने लावा.

प्रश्न : पिकअपच्या मागून ५०-६० च्या वेगाला घोंघों आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थांबतो. मिस्त्रींनी १४० नंबर घाला म्हणून सांगितलंय.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : १४० ने आवाज काही दिवस दबेल, आजार नाही जाणार. ताकद देतानाच येणारा घोंघों म्हणजे क्राऊन-पिनियनची जुळणी किंवा पिनियनचं बेअरिंग. डिफरन्शियलमध्ये पंप नसतो, क्राऊनने उडवलेलं तेलच वाहत पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत जातं. गरजेपेक्षा दाट तेल तिथं सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये उशिरा पोचतं, म्हणजे दुखणाऱ्या बेअरिंगवरच वार. पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलतो का ते आधी बघा. हलत असेल तर बेअरिंग बदलून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर लावून घ्या. आणि ज्याला डायल गेज माहीत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

प्रश्न : पंचगंगेच्या पुरात गाडी हबच्या वरपर्यंत पाण्यात होती. मागं एलएसडी आहे. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झाली आणि चालतेय. तेल बदलायलाच हवं का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : हवंच, आणि ते होईपर्यंत गाडी चालवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर असा प्रश्न या भागात अनेकांना पडला असेल: गाडी चालते म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. पाणी अ‍ॅक्सलच्या सीलमधून किंवा वरच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) आत जातं. फिलर प्लग उघडून बोट घाला. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी मिसळलंय. स्वच्छ दिसलं तरी समाधान मानू नका: उभ्या गाडीत पाणी खाली बसलेलं असतं. ड्रेन प्लग हळूच सैल करा, पाणी असेल तर आधी तेच बाहेर येईल.

साध्या डिफरन्शियलपेक्षा इथं काळजी जास्त, कारण प्लेटांच्या फटीत पाणी अडकून राहतं. स्टीलच्या प्लेटांवर गंज चढतो, लेपाच्या प्लेटांचा लेप सुटू शकतो. सगळं काढून स्वस्तातलं जीएल-५ ८०डब्ल्यू-९० भरा. हे फक्त धुण्यापुरतं. दोन्ही मागची चाकं स्टँडवर घेऊन, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, पहिल्या गिअरमध्ये आयडलवर काही मिनिटं फिरवा, मग गरम असतानाच काढा. पूर्णवेळ फोर बाय फोर असेल तर स्टँडवर फिरवणं नको, जवळपास सावकाश चालवून आणा. निघालेलं तेल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, तळाला पाण्याचा थर दिसला तर पुन्हा तीच धुलाई. स्वच्छ निघालं की एलएस तेल भरा, आठचे फेरे मारा, आणि ५०० किलोमीटरनंतर प्लग उघडून पुन्हा एकदा रंग बघा.

रॉकेल किंवा डिझेलने धुवा, असा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. ते प्लेटांत आणि बेअरिंगमध्ये राहतं आणि नवं तेल पातळ करतं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसही याच वेळी बघून घ्या. काढलेलं तेल गटारात न सोडता कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडं द्या.

हौसिंगवरचा ब्रीदरही तपासा. तो चिखलाने बुजला तर गरम हवा बाहेर पडायला जागा उरत नाही आणि सील गळू लागतं. उघडा राहिला तर घाट उतरून तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. त्याच्या नळीला बसेल अशी तेल सहन करणारी ६ ते ८ मिलिमीटरची रबरी होज जोडून ती चॅसीच्या वर, टाकीच्या झाकणाच्या उंचीपर्यंत नेऊन बांधा. तोंड खाली वळवा, आणि अ‍ॅक्सल खाली-वर झाला तरी ताण बसणार नाही इतकी ढिलाई ठेवा.